रात्रीच विझणारा बॉयलर

१

चांद्र नववर्षाचा सण तोंडावर आला असताना, थेबेक नगराच्या जुन्या खाणवस्तीत बोंग मानसॉक या निवृत्त खाणकामगाराचा मृतदेह त्यांच्याच घराच्या उंबऱ्याशी आढळला. अंगात कापूस भरलेला जाड कोट होता आणि त्याची बटणे गळ्यापर्यंत लावलेली होती. खोलीची खिडकी सताड उघडी होती. तिच्यावर हिवाळ्यासाठी चिकटवलेला प्लास्टिकचा कागद फाटून वाऱ्यावर फडफडत होता. जमीन हिमासारखी गार होती आणि तिला खालून तापवणारा बॉयलर बंद होता. अंथरुणाजवळ आंबवलेल्या मुळ्याच्या पाण्याचा एक वाडगा होता, अर्धा रिकामा. पोलिसांनी त्याची गणना न्याहारीत केली.

रक्तात विषारी वायू सापडला, तेव्हा कारण शोधायला कोणाला दूर जावे लागले नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत बॉयलर टांगलेला होता. त्याचे धुराडे, म्हणजे जळलेला वायू भिंतीपलीकडे नेणारी पत्र्याची नळी, सांध्यापासून निखळले होते. सांधा आवळणारा लोखंडी पट्टा खाली पडला होता. त्या पट्ट्याचा स्क्रू मात्र कोठेही नव्हता.

त्याच आठवड्यात प्यो ग्वांगजे नावाच्या दुरुस्तीवाल्याने तो सांधा उघडून पुन्हा बसवला होता. स्क्रू सापडत नाही, त्या अर्थी तो बसवलाच गेला नाही, असा निष्कर्ष निघाला. सण उलटला, अंत्यविधी झाला, आणि ग्वांगजेपुढे तुरुंगाचे दार अर्धे उघडून ठेवले गेले.

वायू-अपघातांची चौकशी करणाऱ्या कार्यालयातून शिम ओकरान आली ती सगळे ठरून गेल्यावर. पन्नाशी ओलांडलेली ही बाई स्वतः खाणवस्तीत वाढलेली होती. तिच्याकडून अभिप्रायाची केवळ एक ओळ अपेक्षित होती.

"उद्या सकाळी मिटतंय सगळं," पोलीस ठाण्यातला तरुण अधिकारी तिला म्हणाला. "मुलगा म्हणतो, प्योनं वडिलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकावेत, 'माझ्या हातून झालं' असं कबूल करावं. मग तो कडक शिक्षेचा आग्रह धरणार नाही. प्योचा वकीलही हेच सांगतोय."

"आणि प्यो काय म्हणतो?"

"प्यो तयार आहे."

ओकरान त्या वाडग्याच्या छायाचित्राकडे पाहत राहिली. गळ्यापर्यंत बटणे लावून मरणारा मनुष्य तिने आजवर पाहिला नव्हता.

"स्क्रू शोधला होता का नीट?" तिने विचारले.

"बाई, जो बसवलाच नाही तो शोधायचा कुठे?"

२

ग्वांगजेच्या दुकानाचे शटर निम्मे खाली ओढलेले होते. आत मोडक्या बॉयलरांच्या पत्र्यांमध्ये तो स्टुलावर बसला होता. समोर एक काळा सूट टांगला होता. उद्या घालण्यासाठी तो कोणाकडून तरी मागून आणलेला असावा, कारण बाह्या त्याच्यासाठी आखूड दिसत होत्या.

"या बाईसाहेब. कॉफी संपली, जवाचं पाणी चालेल?"

"चालेल. काय होतं रे त्या बॉयलरला?"

"रात्री विझायचा." त्याने कप पुसून पुढे केला. "आजोबा फोन करायचे, 'ग्वांगजे, तुझा जावई पुन्हा रुसला बघ.' माझा जावईच म्हणायचे त्याला. मी सकाळी जायचो, पेटवायचो, की हा आपला खुशीत. जणू रात्री काही घडलंच नाही."

"बॉयलरच्या भिंतीवरच्या डबीत बिघाडाचा आकडा यायचा ना?"

"यायचा. धूर बाहेर जात नाही, असं सांगणारा आकडा. आतला पंखा धूर ढकलतो, पण दारापलीकडे कुणीतरी पाठ टेकून उभं असावं तसं होतं. मग बॉयलर आपणहून विझतो. शहाणं यंत्र आहे. माणसाला मारण्यापेक्षा त्याला थंडीत ठेवतं. लोकांना वाटतं आकडा म्हणजे रोग. आकडा म्हणजे नुसतं कण्हणं असतं हो."

"मग रोग?"

"सापडला नाही. नळी उतरवली, डोळा लावला, आरपार आभाळ दिसलं. पक्ष्याचं घरटं नाही, बर्फ नाही. मागं जाऊन तोंड बघितलं, तेही मोकळं. आजूबाजूला शेजारच्या आजीचे, आंबवायला टांगलेले सोयाबीनचे ठोकळे. वास असा, की जुने मोजे बरे! नळी परत बसवली, पट्टा घातला, वर चंदेरी चिकटपट्टी फिरवली. बराच वेळ बसून राहिलो. एकदाही विझला नाही."

"स्क्रू पिळलास?"

ग्वांगजेने आपला उजवा तळहात उलटासुलटा करून पाहिला.

"पहिल्या दिवशी पोलिसांना छातीठोकपणे सांगितलं, पिळला म्हणून. दुसऱ्या दिवशी जरा कमी जोर होता. आता खरं सांगू? हजारो स्क्रू पिळलेत या हातानं. हाताला सगळे सारखेच आठवतात. त्या घरातला आठवत नाही. कदाचित नसेलही पिळला."

"म्हणजे उद्या तू गुडघे टेकणार ते वकिलाच्या सांगण्यावरून नव्हे."

"वकील शिक्षा कमी व्हावी म्हणून सांगतो. मला आता माझं मन सांगतंय, की मीच मारलं त्यांना." त्याने टांगलेल्या सुटाची बाही खाली ओढली. "एकदा संध्याकाळी फोन आला होता. 'आत्ता ये, आत्ता विझलाय, आत्ता बघ.' मी म्हटलं, उद्या उजेडात येतो आजोबा. ते हसले. म्हणाले, 'तुझा जावई उजेडात शहाण्यासारखाच वागतो रे.'"

ओकरानचा कप ओठांपाशी थांबला. जो दोष दिवसाउजेडी कधीच दिसत नव्हता, तो यंत्रात होता तरी कसा? लोखंडाला दिवस आणि रात्र यांतला भेद कळत नाही. तो भेद माणसांना कळतो.

३

मृताचा मुलगा इनसॉप सुवोन शहरात संगणकाच्या कंपनीत होता. तो बापाच्या घरी, तसबिरीसमोर उदबत्तीची राख झाडत बसला होता. डोळे सुजलेले होते. त्याचा शोक खोटा नव्हता, हे ओकरानने मनोमन मान्य केले.

"मॅडम, आणखी काय बघायचं राहिलंय?"

"फार काही नाही. तुम्ही इथे येत होतात का अधूनमधून?"

"यायचं ठरत होतं आणि राहत होतं. मुलांना थंडी सोसत नाही. मी बाबांना स्पष्ट सांगितलं होतं, बॉयलर नीट झाला तर यंदा सणाला नातवंडं घेऊन येतो." त्याने नाक पुसले. "त्यासाठीच तर मागे लागले होते त्या माणसाच्या. दरवेळी यायचा आणि 'काही दोष नाही' म्हणून जायचा! दोष नाही? लहान पोराला कळेल, धूर अडतोय म्हणजे दोष नळीत आहे."

"त्या संध्याकाळी बोलणं झालं होतं?"

"नेहमीचंच. जेवलात का, औषध घेतलंत का." मग तो तसबिरीकडे वळला. "खाणीनं छाती काळी केली होती त्यांची. आयुष्यभर गारठ्यात खोकले. शेवटी एक रात्र ऊब मिळाली, नुसत्या बनियनवर बसावं इतकी ऊब, आणि तिनंच घेतलं त्यांना. मी त्या माणसाला सोडणार नाही. त्यानं इथं, या तसबिरीपुढे, तोंडानं म्हणायला हवं."

"त्यानं तुमच्या मनाला शांती मिळेल?"

"मिळायला हवी," तो म्हणाला. आणि ते इतक्या घाईने म्हणाला, की ओकरानने मान वर करून त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहिले.

ती अंगणात आली. बूट घालताना तिला जाणवले, की आत्ताच्या त्या संभाषणात कोठेतरी एक काटा होता. कोणता शब्द टोचला ते मात्र उमगेना. म्हणून ती फाटकाकडे जायची ती घराच्या मागच्या अंगाला वळली, आणि तेथे भिंतीसमोर थबकली.

४

वस्तीतल्या घराघराच्या मागच्या भिंतीतून धुराडे बाहेर आलेले होते, आणि प्रत्येकाखाली बर्फाची एक जीभ भिंतीवरून ओघळून जमिनीपर्यंत पोचली होती. धुराड्यातून निघणारी वाफ या दिवसांत गोठल्यावाचून राहत नाही. हिवाळा उतरणीला लागेपर्यंत ती जीभ वितळतही नाही. केवळ दोन धुराड्यांखालची भिंत कोरडी होती. एक शेजारच्या सुंदॉक-आजीचे, दुसरे मानसॉकांचे. मानसॉकांच्या धुराड्याभोवती, वळचणीच्या वाशाला, चार-सहा खिळे ठोकलेले होते आणि त्यांवर भाताच्या पेंढ्याचे तुटके वळ लोंबत होते. ठोकळे नव्हते.

"चोरायला काही उरलं नाही गं तिथं," मागून आवाज आला. "आत ये. तू दुसऱ्या गल्लीतल्या चुन्यॉलची लेक ना? नाक तेच आहे, फुगलेलं."

सुंदॉक-आजी कंबरेत वाकलेली होती, पण जीभ ताठ होती. तिच्या खोलीची जमीन गार होती. ती विजेवर तापणाऱ्या गादीवर बसली होती.

"बॉयलर लावत नाही का आजी?"

"एकटीच्या ढुंगणासाठी सगळी जमीन कशाला तापवायची? गादी पुरते." तिने ओकरानला गादीच्या कडेवर ओढून बसवले. "मानसॉकही तसलाच. दिवसभर म्हाताऱ्यांच्या अड्ड्यावर पत्ते कुटायचा आणि बॉयलर बंद. अंधारल्यावर पेटवायचा. हट्टी मेला. घरात ताटं-वाट्या असून खाणीतल्या डब्यातूनच जेवायचा. मी म्हणायची, अरे, वर आलास आता, जमिनीवर आलास!"

खोलीच्या कोपऱ्यात सोयाबीनचे ठोकळे टांगलेले होते. ओकरानने जवळ जाऊन एक हातात घेतला. त्याची एक बाजू पांढऱ्याशुभ्र, निरोगी बुरशीने फुललेली होती. दुसरी गारठून काळवंडलेली आणि तडकलेली.

"एका अंगानं छान लागलाय," ती म्हणाली.

"यंदा बिघडले." आजी दुसरीकडे पाहू लागली.

दोरीवर एक गोधडी वाळत होती. तिच्या मधोमध थाळीएवढा तांबूस डाग होता.

"त्या सकाळी काय झालं, सांगता?"

"पोलिसांना सांगितलंय. हाक मारली, उत्तर नाही. आत गेले, तर उंबऱ्याशी पडलेला, कोट घालून. बाहेर निघाला असेल बिचारा. गेलेला होता. मी खिडकी उघडली, बॉयलर बंद केला."

"गेलेल्या माणसासाठी खिडकी उघडलीत?"

"खाणवाल्याची बायको आहे मी, पोरी. हात आपोआप जातात."

"आणि मुळ्याचं पाणी?"

आजीने गादीवरची सुरकुती हाताने सपाट केली.

"त्याचीच न्याहारी असेल," ती म्हणाली.

पण ज्या वस्तीत कधीकाळी घरोघरी कोळशाच्या वड्यांवर जमिनी तापवल्या जात, त्या वस्तीत वाढलेल्या मुलीला ते पाणी न्याहारीचे वाटणे शक्य नव्हते. ओकरान सहा-सात वर्षांची असताना तिच्या आईने शेजारच्या बाईला अशाच एका हिवाळी पहाटे ओढत अंगणात आणले होते, गारठू नये म्हणून कोट चढवला होता, आणि दातखिळीतून चमच्याचमच्याने मुळ्याचे आंबट पाणी पाजले होते. वायू चढलेल्या माणसाला त्या काळी दुसरे औषध कोणाला ठाऊक नव्हते.

प्रेताला मात्र ते पाणी कोणीही पाजत नसे.

५

इनसॉप बाजारात गेला असताना ओकरानने मृताच्या घरात पुन्हा पाऊल टाकले. पडवीत उभी राहून ती निखळलेला सांधा न्याहाळू लागली. ग्वांगजेने वर फिरवलेली चंदेरी पट्टी अजून नळीला चिकटलेली होती. ती ताणून फाटलेली नव्हती. धारदार पात्याने, नेमकी सांध्याच्या रेषेवर, सावकाश कापलेली होती.

म्हणजे नळी घसरली नव्हती. तिला कोणीतरी उघडले होते.

कोणी आणि कशासाठी, या प्रश्नांचे उत्तर बॉयलरच्याच स्वभावात दडलेले होते. धूर पुढे अडला की तो विझे. नळी घरातच उघडी केली, की धुराला वाट मिळे, पंख्यावरचा दाब उतरे, आकडा नाहीसा होई आणि बॉयलर अखंड पेटता राही. ज्याने सांधा उघडला त्याला मृत्यू नको होता, ऊब हवी होती. त्या घरात ऊब हवी असलेला मनुष्य एकच होता. परंतु खोकत खोकत चालणारा, यंत्राला जावई म्हणून त्याच्यापासून चार हात दूर राहणारा तो वृद्ध ही युक्ती स्वतःच्या बुद्धीने शोधून काढील, हे संभवत नव्हते.

त्याच क्षणी तो काटा तिला सापडला.

नुसत्या बनियनवर.

पोलिसांनी पाहिला तो देह कोटात होता. मुलानेही पाहिला तो कोटातच. आपल्या बापाने त्या रात्री बनियनवर बसण्याइतकी ऊब अनुभवली, हे इनसॉपला कोणी सांगितले? ते सांगू शकेल अशी दोनच माणसे होती. ज्याने तो कोट चढवला ते एक, आणि त्या रात्री तो ज्याच्या अंगावर नव्हता ते दुसरे, म्हणजे स्वतः मानसॉक.

पण एवढ्याने ग्वांगजे सुटत नव्हता. स्क्रू बसवलेला होता हे सिद्ध होईतो पट्टी कापण्याचे खापरही त्याच्याच माथी फुटले असते. स्क्रू घरातच असला पाहिजे. घरात तो पोलिसांना का मिळाला नाही? कारण त्यांनी तो टाकलेल्या वस्तूंत शोधला होता. जपून ठेवलेल्या वस्तूंत शोधण्याचे त्यांना कारणच पडले नव्हते.

ओकरानला आपला बाप आठवला. तो मानसॉकांच्याच पाळीत, त्याच दक्षिणेच्या खाणीत उतरत असे. त्या पाळीच्या माणसांचा एक नेम होता. कामासाठी एखादी खीळ, खुंटी वा स्क्रू काढला, तर तो खिशात टाकायचा नाही आणि जमिनीवरही ठेवायचा नाही. तो स्वतःच्या जेवणाच्या डब्यात ठेवायचा. जागच्या जागी परत बसवल्यावाचून घास घ्यायचा नाही. भूक विसरता येत नाही, म्हणून खीळही विसरता येत नाही. एकदा तिचा बाप घरी पोचून डबा उघडता उघडता थबकला होता आणि एक शब्द न बोलता, उपाशीपोटी, पुन्हा खाणीच्या वाटेने चालता झाला होता.

चुलीवरच्या फळीवर निळ्या फडक्यात बांधलेला ॲल्युमिनियमचा डबा होता. फडक्याची गाठ जुन्या माणसांसारखी, दुहेरी होती. तो कोणी सोडला नव्हता. मेलेल्या माणसाच्या जेवणात कोण डोकावणार?

ओकरानने तो दोन्ही हातांनी उचलला आणि कानाशी नेऊन हळूच हलवला.

आत काहीतरी वाजले.

६

सकाळी ग्वांगजे आला तो आखूड बाह्यांच्या काळ्या सुटात. त्याने बूट काढले, तसबिरीसमोर उभा राहिला आणि कोणी सांगण्याआधीच त्याचे गुडघे वाकू लागले.

"थांब," ओकरान म्हणाली.

"मॅडम, हे आमच्यातलं आहे," इनसॉप म्हणाला.

"म्हणूनच सुंदॉक-आजींनाही बोलावलंय. बसा आजी." तिने निळे फडके सर्वांसमोर सोडले. डब्याच्या तळाशी, एका स्वच्छ कागदाच्या घडीवर, स्क्रू होता. "ग्वांगजे, ओळखतोस?"

त्याने तो बोटांत धरला. दुसऱ्या हाताने पट्टा उचलून त्याच्या भोकात एक वेढा फिरवून पाहिला. मग खाली बसून त्याने स्क्रू उजेडाकडे धरला.

"याच्या डोक्यावर माझ्या पान्ह्याचा चरा आहे," तो म्हणाला. "म्हणजे मी पिळला होता."

"पिळला होतास. पट्टी कापून, तो काढून, आजोबांनी स्वतः डब्यात ठेवला. सकाळी जेवण्याआधी परत बसवायचा म्हणून." ती इनसॉपकडे वळली. "त्यांना नळी सैल करायला कोणी सांगितलं?"

"मला काय माहीत?"

"ते बनियनवर बसले होते, हे कसं माहीत होतं? आजी, कोट घालण्याआधी काय होतं त्यांच्या अंगात?"

म्हातारीने तसबिरीकडे पाहिले. "बनियन."

"हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही गं."

खोलीत उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. इनसॉप त्याच्याकडे पाहत बोलू लागला, तेव्हा त्याचा आवाज परका वाटला.

"मी फक्त म्हटलं, जरा सैल करून बघा. चालला, तर दोष नळीत आहे हे सिद्ध होईल. मी वाचलं होतं. तपासायची रीतच आहे ती."

"तपासायची. आणि चालला."

"लगेच चालला. त्यांनी पुन्हा फोन केला. 'इनसॉप, पेटला रे! घाम आलाय, बनियनवर बसलोय. पोरांना घेऊन ये.' इतके खूश..."

"मग तू काय म्हणालास?"

इनसॉपने उदबत्तीची सांडलेली राख बोटाने सारली.

"म्हटलं, रात्रभर तसंच राहू द्या. उद्या त्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. नाहीतर परत म्हणेल, दोष नाही."

ग्वांगजेने मान खाली घातली.

"आणि सणाला येणार होतास?" ओकरानने विचारले.

"मुलाची परीक्षा होती," इनसॉप म्हणाला. "त्यांना ते सांगायचं राहून गेलं."

मग सुंदॉक-आजीच आपल्या जागेवरून पुढे सरकली.

"पण धूर अडला कशानं, ते विचार ना," ती म्हणाली. "तुला तर ठाऊक आहे पोरी. ठोकळा हातात घेतलास तेव्हाच तुला कळलं."

"तुम्हीच सांगा आजी."

"तोच म्हणाला होता. 'सुंदॉक, माझ्या घराचा श्वास वाया जातोय भिंतीबाहेर, तुझ्या ठोकळ्यांना दे.' दरसाल त्याच्यासाठीही मीच त्या ठोकळ्यांचा, जेवणात घालायचा सोयरस करायची ना. म्हणून तिथं टांगले. दिवसा ऊन असायचं. रात्री गारठतील म्हणून अंधारलं की धुराड्यासकट वरून गोधडी टाकायची, आणि सकाळी काढायची. ऊब आत राहील म्हटलं. राहायची गं, छान राहायची." तिने तळवे मांडीवर उपडे ठेवले. "त्याचा बॉयलर विझतो म्हणून तो ओरडायचा, तर मी त्यालाच हसायची. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीच्या आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"त्या सकाळी गोधडी काढायला गेलात."

"गेले, तर रोज वाफेनं भिजणारी ती कोरडी ठणठणीत आणि गार. मग धूर गेला कुठं, म्हणून आत धावले. श्वास चालू होता, ओकरान. घरघर, पण चालू. ओढत दारात आणला, कोट घातला, पाणी पाजलं. माझी आई करायची तसंच. चमचा चमचा. दोन घोट गेले आत. मला वाटलं, उठेल. आमच्या गल्लीतली सगळी उठायची." तिने डोळे मिटले. "फोन तिथंच होता, त्याच्या उशाशी. तो थंड पडला, तेव्हा मला फोन आठवला. मग मात्र भीती वाटली. ठोकळे उतरवले. पोरा, तुझं नाव निघालं तेव्हा मी गप्प बसले."

हे शेवटचे वाक्य ग्वांगजेसाठी होते. म्हातारीने दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि त्याच्यापुढे कपाळ खाली नेले. तो गडबडून उठला आणि तिला खांद्यांना धरून वर करू पाहू लागला, पण ती उठेना. त्याच्या आखूड बाहीची शिवण काखेत उसवली.

इनसॉप बापाच्या तसबिरीसमोर ताठ उभा होता.

"मी तपासायला सांगितलं होतं," तो कोणालाही उद्देशून नव्हे असा म्हणाला. "एकाच रात्रीचा प्रश्न होता." मग तो बाहेर गेला. थोड्या वेळाने अंगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. गाडी मात्र बराच वेळ हलली नाही.

७

कायद्याच्या दृष्टीने उरले ते फार थोडे होते. एका मुलाने बापाला फोनवरून दिलेला सल्ला, आणि एका वृद्धेने शेजाऱ्यावर केलेली जुन्या काळाची शुश्रूषा. ग्वांगजेवरचा आरोप त्याच दिवशी गळून पडेल, हे ओकरानने त्याला सांगितले.

"बरं झालं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंदासारखे काही उमटले नाही. "पण बाईसाहेब, मी अंधार पडल्यावर एकदा आलो असतो, तर मागं जाऊन गोधडी बघितली असती. उजेडातच दोष शोधत राहिलो."

ओकरानने पंचनाम्याचे कागद पिशवीत सरकवले.

"तो स्क्रू मिळेल का?" त्याने विचारले.

"पंचनाम्यात आलाय तो. छायाचित्रंही झालीत. कशाला?"

"त्यांनी डब्यात ठेवला होता ना. परत बसवायचा म्हणून."

तिने तो त्याच्या तळहातावर ठेवला. ग्वांगजे सूट न उतरवताच पडवीत गेला. त्याने कापलेली पट्टी सोलून काढली, सांधा पुसला, नळी जागेवर सरकवली, पट्टा चढवला आणि स्क्रू पिळला. थांबला. बोटांनी पुन्हा तपासला, आणि आणखी अर्धा वेढा दिला. नंतर बाहेर जाऊन धुराड्याचे तोंड पाहून आला आणि त्याने बॉयलर पेटवला.

यंत्र एकदा धडधडले आणि लयीत चालू लागले. भिंतीवरच्या डबीत आकडा नव्हता.

तिघेही त्या रिकाम्या खोलीत बसून राहिले. बऱ्याच वेळाने सुंदॉक-आजीने गुडघ्याजवळच्या जमिनीवर तळवा ठेवला. जेथे मानसॉकांचे अंथरूण असे, नेमका तेथे.

"आता तापायला लागली," ती म्हणाली.

तिने हात उचलला नाही. ओकरानने डब्याचे निळे फडके पुन्हा बांधायला घेतले, पण ती दुहेरी गाठ तिला काही केल्या जमेना.